स्वस्ताई होईपर्यंत

"ज्वारी अजून उतरली," काट्यामागून भालचंद्र म्हणाला. "लिहा सदाशिवराव. आणि जरा ठसठशीत लिहा. लोकांच्या डोळ्यांना सवय राहिलेली नाही."

सदाशिवराव देवपुजारी स्टुलावर उभे राहून ओल्या फडक्याने फळा पुसत होते. भोपाळच्या कारखान्याच्या वसाहतीतलं सहकारी भांडार उघडायला अजून अवकाश होता, पण कानटोप्या घातलेली माणसं थैल्या सांभाळत थंडीत येऊन उभी राहिली होती. फळ्यावर गहू, तांदूळ, ज्वारी, तुरीची डाळ, साखर, तेल ही नावं रंगाने कायमची लिहिलेली होती. त्यांच्यासमोरचे आकडे रोज खडूने भरायचं काम सदाशिवरावांकडे होतं. नेमणूक हिशेबनिसाची, पण वसाहतीत लोक त्यांना ओळखत ते भाव लिहिणारे बाबू म्हणूनच. महागाईच्या दिवसांत तर काही जणांचा असा समज दिसे की भाव हेच ठरवतात. एका फिटरच्या बायकोने त्यांना भर रांगेतून ऐकवलं होतं, "देवपुजारीजी, कभी तो कम लिखने की गलती कर दिया करो."

आता कमी लिहायचे दिवस आले होते. पंचाहत्तर सालचा पाऊस सगळीकडे बरा झाला होता. त्या पावसाने म्हणा की सरकारच्या धाकाने म्हणा, दिवाळीपासून धान्याचे भाव एकेक पायरी उतरत होते. सदाशिवरावांनी ज्वारीसमोर खडू टेकवला आणि ते थबकले.

"विचार कसला करता?" भालचंद्र म्हणाला. "कमी लिहायला दंड नाही होत."

भालचंद्र मूळचा इंदूरचा. बोलण्यात निम्मी हिंदी, अंगात अखंड उत्साह. मुलीचं लग्न ठरून दोन वर्षं झाली होती आणि त्याने ते आजवर पुढे ढकललं होतं. आता डाळ माणसात आली, तेल माणसात आलं, म्हणून तो मंडळाचा हॉल ठरवायला गेला, तर वैशाखापर्यंत तारीखच शिल्लक नाही असं त्याला सांगण्यात आलं. सगळी वसाहत एकदम बोहल्यावर चढलीय, असं त्याचं म्हणणं होतं.

"तसंच होतं," सदाशिवराव म्हणाले. "एक चांगलं साल आलं की..." आणि नेहमीच्या सवयीने वाक्य अर्धं टाकून त्यांनी आकडा लिहिला, खडूचे हात पँटला पुसले आणि खाली उतरले.

वाक्य पुरं करण्याइतका विश्वास त्यांना स्वतःबद्दल कधीच नव्हता. जे बोलणार होते ते वाचलेलं होतं. वसाहतीच्या क्लबात एक पुस्तकांचं कपाट होतं. त्यातले खालच्या खणातले जुन्या अमदानीतले जिल्ह्या-जिल्ह्यांचे अहवाल बहुधा सदाशिवरावांखेरीज कुणी उघडले नसावेत. पाऊस हुकला की ज्वारी चढते. ज्वारी चढली की आधी लग्नं थांबतात, आणि पुढल्या वर्षी बारशी थांबतात. मग पटकी येते, म्हातारी आणि तान्ही माणसं जातात. उरलेले लोक गुरं पुढे घालून माळव्याची वाट धरतात, कारण माळव्यात पाऊस सहसा दगा देत नाही, अशी ख्याती. संवत छपन्नच्या दुष्काळात माळव्यानेही दगा दिला, तेव्हा गावंच्या गावं निम्मी झाली. आणि मग कधीतरी एक चांगलं साल येतं, एका हंगामात सगळी अडलेली लग्नं उरकतात, पुढल्या साली घरोघर पाळणे हलतात. हे सगळं वाचताना सदाशिवरावांना वाटे, कुठेतरी आभाळात एक दोरी ओढली जाते आणि इथे खाली माणसं कमी-जास्त होतात. पण इंटरला कॉलेज सुटलेल्या माणसाला एवढं मोठं काही खरंच कळलं असेल का, ही शंका त्यांना लगेच येई. म्हणून ते हे फक्त मंदाकिनीला सांगत, ती तांदूळ निवडत असताना. ती मान खाली घालून ऐकून घेई.

भांडार उघडून थोडा वेळ झाला असेल. शेजारच्या क्वार्टरमधल्या नलिनीबाई साखरेच्या रांगेत न थांबता थेट त्यांच्या टेबलाशी आल्या.

"अहो, तुमच्याकडे मेहमान आलेत. मंदाताईंचे भाऊ, खामगावचे. सोबत एक पोतं आहे आणि एक पिशवी." मग आवाज जरा खाली आणून त्या म्हणाल्या, "मंदाताईंनी काही सांगून नाही पाठवलं. मला वाटलं तुम्हाला कळलेलं बरं."

सदाशिवरावांनी पेनाला टोपण लावलं. मॅनेजरला सांगून ते निघाले, तेव्हा भालचंद्रने विचारलं, तब्येत बरी आहे ना. हो म्हणाले.

भांडारापासून क्वार्टर फार लांब नव्हतं, पण आज त्यांनी सायकल हातात धरून चालवत नेली.

तीन वर्षांपूर्वी गजानन असाच न कळवता आला होता. तेव्हा पोतं नव्हतं. खांद्यावर दीड वर्षाची पोर होती, मानेवर डोकं टाकून निजलेली. गजानन हा मंदाकिनीचा पाठचा भाऊ, खामगावच्या एका जिनिंगमध्ये कापूस मोजून घ्यायच्या कामावर. त्या साली पाऊस झाला नाही, कापूस आला नाही, जिनिंगचा भोंगा दिवाळीनंतर वाजलाच नाही. घरात बायको शालिनी आणि चार मुलं. रेशनवर बाहेरदेशची लाल मिलो ज्वारी मिळे. तिची भाकरी मोठ्यांना पचेना, तिथे धाकटीची काय कथा. पोरीच्या मांड्यांची कातडी सुरकुतली होती. मंदाकिनीने तिला खांद्यावरून काढून घेतलं आणि ती स्वयंपाकघरात गेली.

सदाशिवराव-मंदाकिनीच्या लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती. मूल नव्हतं. नागपूरचे डॉक्टर झाले, इथले झाले, मग दोघांनीही तो विषय एकमेकांच्या मध्ये न आणण्याची सवय करून घेतली.

गजाननने चहा घेतला नाही. खुर्चीवरून उठून तो उभाच राहिला आणि पाठ केल्यासारखं म्हणाला, "भाऊजी, ताईच्या ओटीत घालाले आणली. शालिनीशी बोलून आलो. तिचीही ना नाही."

दुसरा कुणी असता तर त्याने पोर घेतली असती, नारळ आणला असता, चार माणसांत रीतसर दत्तक करून घेतलं असतं, आणि त्यात काही वावगं नव्हतं. पण सदाशिवराव भांडारातले. अडलेल्या माणसाची तांब्या-पितळेची भांडी पडत्या भावात घेणारे लोक त्या वर्षात त्यांनी फार पाहिले होते आणि त्यांचा त्यांना मनापासून तिटकारा होता. समोर उभ्या असलेल्या मेहुण्याच्या तोंडाकडे त्यांना बघवेना. आपण तशातलेच एक ठरतोय असं काहीतरी त्यांना वाटलं आणि ते घाईघाईने बोलून गेले,

"ओटीत वगैरे कशाला, गजाननराव? पोर तुमचीच आहे. राहू दे इथे. पाऊसपाणी झालं, स्वस्ताई आली, की घेऊन जा."

गजाननच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने वाकून भाऊजींच्या पायाला हात लावला. कठीण घोट घशाखाली घालायला आलेल्या माणसाला कुणी साखर दिल्यासारखं झालं त्याला. स्वयंपाकघराच्या दारात मंदाकिनी उभी होती. दुधाची वाटी हातात, पोर कडेवर. ती आत गेली.

अनुराधा महिनाभरात बाळसं धरू लागली. ती चालायला लागली ती या क्वार्टरच्या व्हरांड्यात. बोलायला लागली ती दोन भाषांत एकदम, मैदानावर हिंदी आणि घरात मराठी. सदाशिवराव भांडारातून खडूचे तुकडे आणत. व्हरांड्याची फरशी कायम तिच्या रेघोट्यांनी भरलेली असे आणि मंदाकिनी त्यांच्यावर पाय न देता ये-जा करी. नलिनीबाईंनी गमतीने तिला 'मम्मी' म्हणायला शिकवलं, तेव्हा मंदाकिनीने त्याच दिवशी ते विसरायला लावलं. आत्या म्हणायचं, खामगावला तुझे आई-बाबा आहेत, असं ती तिला रोज सांगे. अनुराधा मान हलवी, गोष्टीतल्या राजवाड्याबद्दल हलवावी तशी.

त्र्याहत्तरचा पाऊस चांगला झाला. सगळी वसाहत आभाळाकडे बघून सुखावली आणि सदाशिवरावांना भाकर गोड लागेना. पण गंमत अशी झाली की पाऊस आला तरी स्वस्ताई आली नाही. तेल चढलं, डाळ चढली, चौऱ्याहत्तर सालात तर आकडे लिहिताना खडू अडखळावा अशी गत झाली. रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून फळा वाचत आणि तशाच उभ्या राहत. सदाशिवरावांना त्यांची दया येई, खरीच येई. आणि त्याच वेळी छातीत कुठेतरी थंड, सुखद असं काहीतरी सरके: अजून नाही. या महिन्यातही नाही. घरी जाताना त्यांना स्वतःची किळस वाटे. सबंध गावाच्या ताटातला घास कमी झालेला बघून आपल्या घरात एक पान वाढलेलं राहतं म्हणून खूश होणारा माणूस त्यांना एरवी कुठे भेटला असता तर त्याच्याशी ते बोलले नसते.

एकदाच मंदाकिनीने विषय काढला होता. खामगावला जाऊन दत्तविधान रीतसर करून येऊ या, म्हणाली. सदाशिवराव म्हणाले, या साली नको. अजून त्यांची अडचण आहे. अडचणीतला माणूस हो म्हणेल, पण ते त्याचं हो नसतं.

"आणि अडचण संपल्यावर?" तिने विचारलं.

सदाशिवराव अहवालातलं काहीतरी सांगू लागले, की दुष्काळातले लोक माळव्यातल्या सोयऱ्यांकडे मुलं ठेवून जात, आणि चांगलं साल आलं की परत नेत, म्हणून शिरगणतीचे आकडे असे खालीवर होतात. मंदाकिनीने सूप खाली ठेवलं.

"ज्यांच्याकडे ठेवली होती त्यांचं पुढे काय झालं? ते लिहिलंय का?"

ते लिहिलेलं नव्हतं.

व्हरांड्याच्या पायरीशी सायकल टेकवून सदाशिवराव आत आले. गजानन खुर्चीच्या कडेवर बसला होता. अंगाने भरला होता. दाढी गुळगुळीत, शर्टाला इस्त्री. दाराशी ज्वारीचं लहानसं पोतं आणि त्याच्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी. अनुराधा चौकटीला टेकून पाहुण्याला निरखत होती.

"काका, ये कौन हैं?" तिने विचारलं. अनोळखी माणसांपुढे ती हिंदीत शिरायची.

आतून मंदाकिनीचा आवाज आला. "तुझे बाबा आहेत. नमस्कार कर."

अनुराधाने नमस्कार केला, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना करायची तसाच. मग तिने त्याला विचारलं, "रात को रुकेंगे क्या?"

"हाव," गजानन हसून म्हणाला, "रुकेंगे." पण हसू झाल्यावर त्याला ओठ मिटायला जरा वेळ लागला.

जेवायला नव्या ज्वारीच्या भाकरी होत्या. पिठाला चव होती. पोरीने एक घास खाल्ला आणि पोळी मागितली. मंदाकिनीने तिला पोळी दिली नाही. भाकरी दुधात कुस्करून एकेक घास भरवला. सवय व्हायला हवी, एवढंच म्हणाली, आणि कुणाला म्हणाली ते कळलं नाही.

जेवणं झाल्यावर अनुराधा मैदानावर पळाली. दोघे पुरुष पुढच्या खोलीत बसले. मंदाकिनी आत भांडी आवरत होती आणि भांड्यांचा आवाज मुळीच येत नव्हता.

गजाननने इकडचं तिकडचं पुष्कळ सांगितलं. औंदा कापूस असा आला की गाड्यांची रांग नाक्यापर्यंत लागते. खामगावात वाजंत्री मिळेना इतकी लग्नं. मोठा मुलगा चौथीत गेला. मग त्याने खिशातून सुपारीची पुडी काढली, सदाशिवरावांपुढे धरली, परत ठेवली.

"जिनिंग दोन पाळ्यांत चालू हाये, भाऊजी. मले कायम केलं."

"छान झालं."

"तुमी तेव्हा म्हणाले होते..."

"म्हणालो होतो," सदाशिवराव म्हणाले.

गजानन फरशीकडे बघत राहिला. तो काही वाईट माणूस नव्हता. बहिणीच्या घरी येताना रेल्वेत बसून त्याने हा सगळा प्रसंग दहादा उलटापालटा करून पाहिला असणार. शेवटी तो म्हणाला, "तसं तुमी म्हणाल ते. तीन वर्षं तुमी केलं, तिचा जीव वाचवला. शालिनीच म्हणे, त्यांनी ठेवतो म्हटलं तर आपल्याले 'नाही' म्हणाले तोंड नाही. ठेवा म्हणाल तं ठेवतो."

असा क्षण माणसाला सहसा दुसऱ्यांदा मिळत नाही, हे सदाशिवरावांना कळत होतं. एक शब्द पुरे होता. तो त्यांच्या जिभेवर आला होता, त्याची चवसुद्धा लागली होती. समोरचा माणूस आता अडलेला नव्हता, पोट भरलेलं होतं, शर्टाला इस्त्री होती. आता मागितलं तर त्यात पडता भाव नव्हता. त्यांनी घसा साफ केला.

"गजा," मंदाकिनी पदराला हात पुसत बाहेर आली होती, "त्या पुडीत काय आहे?"

गजाननला जरा सुटल्यासारखं झालं. त्याने पुडी सोडली. आत तांबड्या चौकड्यांच्या चिटाचा फ्रॉक होता, हाताने शिवलेला, टीप अगदी बारीक आणि सरळ. "शालिनीनं शिवला. मी म्हटलं, माप नाही, शिवते कायले, तिथं जाऊन घेऊ. तं म्हणे, माझ्या हाताले ठाऊक आहे माप."

मंदाकिनीने फ्रॉक खांद्यांशी धरून उंच केला. बाहेर मैदानावर अनुराधा आरडाओरडा करत एका मुलीच्या मागे धावत होती. दारातून तिचे लांब, काटकुळे पाय दिसत होते. फ्रॉक दोन वर्षांच्या मुलाच्या अंगाचा होता. फार तर अडीच. शालिनीचा हात जिथे थांबला होता तिथलंच माप त्याने घेतलं होतं.

गजाननने फ्रॉककडे पाहिलं, मग बाहेर पाहिलं. त्याचं तोंड उतरलं. "लहान झाला वाटते," तो म्हणाला.

"छे," मंदाकिनी म्हणाली. "शिवणीत कापड सोडलंय तिने. उसवलं की बसेल." फ्रॉक तिने घडी करून छातीशी धरला. "उद्या दुपारच्या गाडीने निघायचं ना तुम्हाला? सकाळपर्यंत होईल."

तिने 'तुम्हाला' म्हटलं. भावाला ती आयुष्यात कधी अहो-जाहो म्हणाली नव्हती. तो शब्द दोघांसाठी होता, त्याच्यासाठी आणि मैदानावरच्या पोरीसाठी. सदाशिवरावांच्या ते लक्षात आलं, आणि मग जिभेवरचा शब्द त्यांनी गिळला.

गजानन पोरीला घेऊन बाजारात गेला, तिला काहीतरी खेळणं घेऊन देतो म्हणून. मंदाकिनीने खिडकीशी मशीन ओढलं. सदाशिवराव भांडारात परत गेलेच नाहीत. ते तिच्यासमोर चटईवर बसले आणि ब्लेडने फ्रॉकची शिवण उसवू लागले. शिवणीत कापड नव्हतंच. शालिनीने बेतापुरतं कापड घेऊन बेताचाच फ्रॉक शिवला होता, धाग्याएवढीही माया सोडलेली नव्हती. मंदाकिनीला ते पहिल्या नजरेत कळलं असणार. तिने ट्रंकेतून तांबड्या रंगाचा एक कोरा खण काढला, उजेडात दोन्ही कापडं शेजारी धरून पाहिली. खणाचा रंग थोडा गडद होता. पण काखेत आणि बाजूंना पट्ट्या जोडल्या तर दिसणार नव्हत्या आणि खाली रुंद झालर लावली तर मुद्दाम केल्यासारखी वाटली असती.

ती पट्ट्या जोडू लागली.

"मंदा," शेवटी सदाशिवराव म्हणाले, "तो बाजारातून आला की मी म्हणू का त्याला?"

"काय?"

"ठेवून जा म्हणून. तो तयार आहे. तू ऐकलंस ना."

तिने चाक हाताने थांबवलं. रागावली नव्हती. दिवसभराचं काम संपवून बसलेल्या बाईसारखी ती दिसत होती.

"तो तयार आहे," ती म्हणाली. "तेव्हा शालिनी देत होती, म्हणून घेता आली असती. आता ती वाट बघतेय. वाट बघणारीच्या हातून कसं घ्यायचं?"

"तेव्हा मी—"

"तुम्ही चांगुलपणानेच बोललात. मला ते तेव्हाही कळलं होतं." तिने झालरीची एक चूण बोटाने दाबली. "फक्त मला विचारायला हवं होतं एकदा. कडेवर माझ्या होती ती."

सदाशिवरावांनी ब्लेड खाली ठेवलं. मंदाकिनीने मशीनखालून कापडाचं दुसरं टोक त्यांच्याकडे सरकवलं. "हे धरा जरा ताणून. वाकडं जातंय."

त्यांनी धरलं. अंधार पडेपर्यंत ती शिवत होती आणि ते धरून होते.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर अनुराधा तो फ्रॉक घालून आली. खांद्यांत बसला होता, काखेत ओढत नव्हता, खाली गुडघ्यांवर झालर डोलत होती. तिला झालर इतकी आवडली की बसमध्येही ती उभीच राहिली होती. गजाननने तिला पुढून-मागून पाहिलं. त्याचा जीव भांड्यात पडलेला स्पष्ट दिसला.

"बरोब्बर बसला न."

"बसणारच," मंदाकिनी म्हणाली. "शालिनीला सांग, माप अगदी नेमकं निघालं. झालर आत्याने हौसेने लावली म्हणावं. इकडे फॅशन आहे."

गाडी आली. डब्यात जागा मिळाली, खिडकीची मिळाली. गजाननने दोघांच्या पायांना हात लावला. सदाशिवरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. ते म्हणाले, "पोहोचल्यावर कळवा, गजाननराव," आणि ते ऐकून त्यांचं त्यांनाच वाटलं की आपण आयुष्यभर अशीच वाक्यं बोलत आलो.

अनुराधा खिडकीच्या गजांमधून नाक बाहेर काढून उभी होती. आगगाडीचा तिचा हा पहिलाच समजता प्रवास. "आत्या, तुम बाद में आओगी ना?" तिने विचारलं.

"तू आधी पोहोच तर," मंदाकिनी म्हणाली. मग गजांतून हात घालून तिने झालरीची कड उलटी केली आणि भावाला दाखवली. "हे बघ. आत दोन बोटं कापड दुमडलंय. पुढल्या दिवाळीला वाढेल ही. शालिनीला सांग, नवा शिवू नको, ही शिवण उसव. पुरेल."

"सांगतो, ताई."

"विसरशील."

"नाही विसरत."

गाडी हलली. सदाशिवराव दोन पावलं चालले आणि थांबले. अनुराधा त्यांच्याकडे बघत नव्हती. समोरच्या बाकावर कुणीतरी बाई बसली होती, तिला ती दोन्ही हातांनी झालर पसरून दाखवत होती. डबा पुढे गेला, मग पुढचा, आणि मग नुसते रूळ राहिले.

मंदाकिनी आपल्या पातळाकडे बघत होती. निऱ्यांवर, पदरावर तांबड्या धाग्यांचे बारीक तुकडे चिकटलेले होते, कालपासूनचे. ती ते एकेक चिमटीत धरून उचलू लागली. सदाशिवराव शेजारी उभे राहिले. एक धागा तिच्या खांद्यामागे होता, तो तिला दिसत नव्हता. त्यांनी तो काढला आणि तिच्यापुढे धरला.

"बस मिळेल ना आता?" तिने विचारलं.

"मिळेल."

तिने धागा घेतला. फलाटावर टाकला नाही. बाकीच्या धाग्यांबरोबर मुठीत धरला आणि ती जिन्याकडे चालू लागली.